संतोष कोणीं कोणास शिकवावा?

वैशाख शुद्ध तृतीया जवळ आली कीं वर्तमानपत्रांचें पहिलें पान सोन्याच्या जाहिरातींनीं पिवळें होऊन जातें. या तिथीस अक्षय्य तृतीया म्हणतात हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु 'अक्षय्य' हें विशेषण कशास लावलें आहे, याची आठवण फार थोड्यांस उरली आहे. त्या दिवशीं केलेलें दान, जप, होम आणि पितृतर्पण यांचें फल क्षय पावत नाहीं, असा शास्त्राचा आशय. ऐन उन्हाळ्याचे दिवस. म्हणून पाण्यानें भरलेला घट, पंखा, छत्री, पादत्राणें या वस्तु दुसऱ्यास द्याव्या, असें विधान. महिनाभर बसविलेल्या चैत्रगौरीचा निरोपहि त्याच दिवशीं; आलेल्या सुवासिनींस कैरीची डाळ आणि पन्हें द्यावयाचें. सारांश, तो देण्याचा दिवस होता. तो घेण्याचा दिवस कसा झाला, याचें खापर केवळ सराफांच्या माथीं फोडणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. सराफ दुकान उघडतो. पायरी आपण चढतों.

या पालटाचा विचार करूं लागलें म्हणजे एक जुना प्रश्न नव्यानें उभा राहतो. सुखाचें मूळ बाहेरच्या वस्तूंत आहे कीं मनाच्या समाधानांत? आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं या प्रश्नाचें उत्तर मुखोद्गत असतें. परंतु मुखोद्गत उत्तराचा एक दोष असा कीं, तें कोणी कोणास द्यावयाचें याचा विचार सुटून जातो. पाढा म्हणतां येणें निराळें आणि हिशेब जुळणें निराळें, हें आम्ही चाळीस वर्षें वर्गांत पाहत आलों. म्हणून या महिन्यांत संतोष या गुणाचा थोडा बारकाईनें विचार करावा, असें योजिलें आहे.

आरंभीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिंदु धर्मविचार धनाचा द्वेष करतो, दारिद्र्य हाच त्याचा आदर्श आहे, असें पुष्कळांस वाटतें. कांहींस तें भूषण वाटतें, कांहींस दूषण. दोन्ही पक्ष चुकतात. चार पुरुषार्थांत अर्थ हा एक पुरुषार्थ आहे, आणि त्याला तेथून काढून टाकावें असें कोणाहि स्मृतिकारानें म्हटलें नाहीं. जसे सर्व प्राणी वायूच्या आश्रयानें जगतात तसे बाकीचे तिन्ही आश्रम गृहस्थाच्या आश्रयानें जगतात, असें मनु सांगतो. आणि ज्याच्या घरीं धान्य नाहीं तो गृहस्थ कोणास आश्रय देणार? समर्थांनीं तर दासबोधांत, आधीं प्रपंच नेटका करावा आणि मग परमार्थाकडे वळावें, असा स्पष्ट उपदेश केला आहे. तुकोबांनीं चांगल्या व्यवहारानें धन जोडण्यास सांगितलें. तें वेंचतांना मन मात्र अलिप्त ठेवावें, एवढी अट घातली.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत गृहस्थ ब्राह्मणाच्या संग्रहाच्या चार पायऱ्या दिल्या आहेत, त्या या दृष्टीनें पाहण्यासारख्या आहेत. एकाजवळ कोठारभर धान्य असतें, दुसऱ्याजवळ घटभर, तिसऱ्याजवळ तीन दिवस पुरेल इतकें, आणि चौथा उद्यांसाठीं कांहींच ठेवीत नाहीं. कोठारांत किती दिवसांचें धान्य समजावयाचें, याविषयीं टीकाकारांचीं मापें निरनिराळीं आहेत. तो वाद येथें नको. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ म्हटला असला तरी पहिल्यास पापी म्हटलेलें नाहीं. चौघांनाहि जागा आहे. शास्त्रकार माणसाच्या प्रकृतीचा विचार करून शिडी उभी करतात. सर्वांस एकदम शेवटच्या पायरीवर ढकलीत नाहींत.

मग संतोष म्हणजे नेमकें काय? पतंजलीनें योगसूत्रांच्या दुसऱ्या पादांत पांच यम आणि पांच नियम सांगितले. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे यम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे नियम. व्यासभाष्यांत संतोषाची जी व्याख्या आहे तिचा अर्थ असा : जीं साधनें जवळ आहेत त्यांहून अधिक मिळविण्याची इच्छा नसणें. यांतील 'साधन' हा शब्द आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. साधन म्हटलें कीं साध्य आलेंच. ज्याला साध्य ठाऊक आहे त्याला साधनें पुरेशीं आहेत कीं नाहींत हें सांगतां येतें. ज्याला साध्यच ठाऊक नाहीं त्याला कितीहि साधनें मिळालीं तरी तीं पुरेशीं वाटण्याचा संभव नाहीं, कारण मोजावयाचें माप त्याच्यापाशीं नाहीं. लिहावयाचें असेल तर एक लेखणी पुरे होते. न लिहिणाऱ्यास दहा लेखण्याहि कमीच पडतात.

आतां यम आणि नियम यांतील भेद पाहूं. यमांचा संबंध मुख्यतः आपल्या आणि जगाच्या व्यवहाराशीं येतो. नियम हे ज्याचे त्यानें स्वतःच्या ठिकाणीं पाळावयाचे. अपरिग्रह हा यम आहे, कारण आपण जें अधिक घेतों तें कोणाच्या तरी वाट्यांतून येतें. संतोष हा नियम आहे. शौच जसें दुसऱ्यानें आपल्यासाठीं करतां येत नाहीं, स्वाध्याय जसा दुसऱ्यानें आपल्या वतीनें करतां येत नाहीं, तसा संतोषहि दुसऱ्यावर लादतां येत नाहीं. हें सूत्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

अपरिग्रहाच्या ठिकाणीं भाष्यकारांनीं विषयांचे पांच दोष मोजले आहेत : अर्जन, रक्षण, क्षय, संग आणि हिंसा. हे पांच शब्द आजच्या घरास लावून पाहिले तर ते कालच लिहिले असावेत असें वाटतें. नवा मोबाइल घेण्यासाठीं जे पैसे लागतात ते मिळवितांना होणारा शीण हें अर्जन. त्यावर ओरखडा उठूं नये म्हणून आवरण, तो फुटला तर म्हणून विमा, चोरीस जाऊं नये म्हणून खिशावर सतत हात, हें रक्षण. दोन वर्षांत तो जुना ठरणें हा क्षय. तो नजरेआड झाला कीं जीव कासावीस होणें हा संग. आणि त्याच्या आंतील धातु ज्या खाणींतून निघतात तेथील मजुरांचे हाल व उकरलेली भूमि, ही हिंसा. पहिले चार दोष आपणांस दिसतात, कारण ते आपणांस बोंचतात. पांचवा दिसत नाहीं, कारण तो दुसऱ्यास बोंचतो.

परंतु इतके दोष ठाऊक असूनहि माणूस घेतच कां जातो? याचें उत्तर महाभारतानें आदिपर्वांत ययातीच्या कथेच्या रूपानें दिलें. शुक्राचार्यांच्या शापानें अकालीं जरा आली. राजानें पुत्रांकडे तारुण्य मागितलें. धाकट्या पुरूनें तें दिलें. आणि सहस्र वर्षें भोग भोगून ययाति या निर्णयास आला कीं, भोगानें काम शमत नाहीं, तुपानें अग्नि वाढावा तसा तो वाढतच जातो. वि. स. खांडेकरांची १९५९ सालची 'ययाति' ही कादंबरी ज्यांनीं वाचली आहे त्यांस ही कथा नव्यानें सांगावयास नको. तिच्या कर्त्यास १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनीं अलीकडे हीच गोष्ट निराळ्या वाटेनें तपासली. १९७१ सालीं ब्रिकमन आणि कॅम्बेल यांनीं असा विचार मांडला कीं, माणूस नव्या सुखास लवकरच सरावतो आणि पुन्हां पूर्वीच्याच जागीं येतो. चालत राहावें आणि पुढें मात्र जाऊं नये, अशा फिरत्या पट्ट्याची उपमा त्यास देतात. १९७८ सालीं ब्रिकमन व त्यांचे दोन सहकारी यांनीं अमेरिकेंतील लॉटरी जिंकलेल्या २२ माणसांची तुलना तितक्याच इतर माणसांशीं केली. जिंकलेले लोक इतरांहून फारसे अधिक सुखी आढळले नाहींत. उलट मित्राशीं गप्पा, सकाळची न्याहारी अशा रोजच्या साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झालेला दिसला. पाहणी लहान होती, आणि उत्पन्न वाढलें म्हणजे समाधानहि कांहीं अंशीं वाढतें असें नंतरच्या मोठ्या पाहण्यांत आढळलें आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. ज्याच्या घरीं औषधास पैसा नाहीं त्याला पैशानें सुख मिळतें, हें सांगण्यास पाहणीची गरजच नाहीं. परंतु पोट भरल्यावरच्या भुकेविषयीं व्यास आणि हे संशोधक यांचें म्हणणें पुष्कळ अंशीं जुळतें.

ययातीच्या कथेंतील एका गोष्टीकडे मात्र आपलें लक्ष सहसा जात नाहीं. राजाचा भोग सहस्र वर्षें चालला तो पुरूच्या तारुण्यावर. बाप भोगीत होता आणि मुलगा म्हातारपण वाहत होता. शेवटीं ययातीस वैराग्य आलें, आपण त्याचें कौतुक करतों. परंतु त्या वैराग्याचा खर्च कोणीं सोसला, हें विचारीत नाहीं. घराघरांतून असा एखादा पुरु असतो.

हें लिहिण्याचें कारण असें. गेल्या महिन्यांत एका भगिनीचें पत्र आमच्याकडे आलें. नांवगांव देत नाहीं. घर एकत्र कुटुंबाचें, माणसें नऊ. बाई स्वतः नोकरी करतात; सकाळीं डबे करून जातात आणि संध्याकाळीं येऊन पदर खोंचतात. भांडीं घासणारी बाई वयोमानानें काम सोडून गेली, दुसरी मिळेना, म्हणून यांनीं आपल्याच पगारांतून भांडीं घासण्याचें यंत्र घ्यावें असें सुचविलें. सासरे म्हणाले, "आमच्या आईनें विहिरीवरून पाणी ओढून दहा जणांचा स्वयंपाक केला. तिनें कधीं यंत्र मागितलें नाहीं. सूनबाई, संतोष पाहिजे." त्याच वर्षीं घरांत नवी मोटार आली आणि गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅटहि नोंदविला गेला. पत्राच्या शेवटीं बाई विचारतात, "संतोष हा गुण मोठा आहे हें मला मान्य आहे. पण तो फक्त माझ्याच वाट्याला कां?"

या प्रश्नास उत्तर देणें आम्हांस कर्तव्य वाटतें. सासरेबुवा वाईट आहेत असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्यांच्या मनांत मातेविषयीं आदर आहे, आणि नित्य नव्या वस्तूंनीं घर भरत चाललें आहे याची चिंताहि खरी आहे. परंतु वर सांगितलेलें सूत्र त्यांनीं दृष्टीआड केलें. संतोष हा नियम आहे. तो आपण पाळावयाचा, दुसऱ्याकडून वसूल करावयाचा नव्हे. त्यांच्या मातोश्रींनीं यंत्र मागितलें नाहीं हें खरें. पण तेव्हां तें मिळत नव्हतें, आणि मिळत असतें तरी त्यांना विचारलें कोणीं असतें? मागण्याची सोय नसणें आणि मागण्याची इच्छा नसणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला संतोष म्हणून गौरविणें सोपें असतें, कारण त्यांत गौरव करणाऱ्याचें कांहीं जात नाहीं.

आतां साध्य-साधनाची कसोटी लावूं. नऊ माणसांचीं भांडीं स्वच्छ होणें हें साध्य निश्चित आहे. त्याचें साधन, म्हणजे एका माणसाचे दोन हात, अपुरें पडत आहे हेंहि निश्चित आहे. तेव्हां येथें अधिकाची हांव नाहीं, उणीव भरून काढणें आहे. उलट, राहावयास घर असतांना दुसऱ्या फ्लॅटचें साध्य काय, हा प्रश्न त्याच गृहस्थांनीं स्वतःस विचारून पाहावा. त्यालाहि योग्य उत्तर असूं शकेल. धाकट्या मुलाची सोय, म्हातारपणची तरतूद. परंतु जो प्रश्न सुनेच्या यंत्रास विचारला तो आपल्या फ्लॅटास विचारला गेला पाहिजे. आणि यंत्र नकोच असेल तर आणखी एक शास्त्रशुद्ध मार्ग आहे : जेवणारांनीं आपापलें ताट स्वतः घासावें. शौच हाहि नियमच आहे, आणि तो पुरुषांस माफ केल्याचें आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.

भागवताच्या सातव्या स्कंधांत नारदानें युधिष्ठिरास गृहस्थधर्म सांगतांना फार परखड मर्यादा घातली आहे. जेवढ्यानें पोट भरतें तेवढ्यावरच देहधाऱ्याचा हक्क. त्याहून अधिकावर जो मालकी सांगतो तो चोर समजावा, असा त्याचा भावार्थ. हें वचन कोणास ऐकविलें आहे पाहा : राजास. ज्याच्यापाशीं अधिक आहे त्यास. अपरिग्रहाचा उपदेश खालून वर जावयाचा असतो; आपल्या घरांतून आणि समाजांतून तो पुष्कळदां वरून खालीं येतो. मालक नोकरास संतोष शिकवितो, सासू सुनेस, श्रीमंत गरिबास. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण याच अनुभवांतून जन्मली असली पाहिजे.

येथें कोणी सुशिक्षित तरुण म्हणेल, "गुरुजी, संतोष या गुणानेंच हा देश मागें राहिला. असंतोष हेंच लक्ष्मीचें मूळ आहे असें महाभारतांतच म्हटलें आहे." होय, म्हटलें आहे, परंतु तें कोण म्हणतो? सभापर्वांत, पांडवांचें वैभव पाहून जळत परतलेला दुर्योधन तें धृतराष्ट्रास सांगतो. आणि त्या असंतोषाचें पर्यवसान द्यूतांत व पुढें कुरुक्षेत्रावर झालें. वचन घेतांना वक्ता पाहावा. तथापि आक्षेपांत सत्याचा अंश आहे हें नाकारतां येत नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत सुखदुःखांच्या विवेचनांत हा प्रश्न घेतला आहे, आणि सर्वच असंतोष त्याज्य नव्हे, हा त्यांच्या विवेचनाचा रोंख आहे. ज्यांस परकी सत्तेच्या काळांत 'भारतीय असंतोषाचे जनक' म्हणून हिणविण्यांत आलें आणि लोकांनीं तीच पदवी गौरवाची मानली, त्यांनीं दुसरें काय म्हणावें!

आमच्या मतें या वादाचा निकाल चाणक्याच्या नांवावर प्रसिद्ध असलेल्या एका सुभाषितानें उत्तम लागतो. त्याचा आशय असा कीं, तीन ठिकाणीं संतोष करावा आणि तीन ठिकाणीं करूं नये. आपली पत्नी, आपलें भोजन आणि आपलें धन यांविषयीं संतुष्ट असावें; अध्ययन, जप आणि दान यांविषयीं कधींहि संतुष्ट असूं नये. विद्यार्थी मिळालेल्या ज्ञानावर संतुष्ट झाला तर त्याची वाढ खुंटली. दाता दिलेल्यावर संतुष्ट झाला तर त्याचा हात आंखडला. अन्यायाविषयींचा असंतोष याच पंक्तींत बसवावा, असें आम्ही आपल्या वतीनें जोडतों. मिळालेल्या वस्तूंवर तृप्त राहून जो अन्यायाविषयीं अतृप्त राहतो, तोच खरा धर्मनिष्ठ.

याचें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे, सातारजवळच्या माहुलीचे, हे दुसऱ्या दिवसाचा शिधा घरांत शिल्लक ठेवीत नसत अशी त्यांची ख्याति आहे. म्हणजे मनूच्या शिडीवर ते अखेरच्या पायरीवर उभे होते. पेशव्यांच्या वाड्यांतून दागिन्यांनीं मढवून पाठविलेल्या पत्नीस त्यांनीं दारांतून परत लाविल्याची आख्यायिका पुष्कळांनीं ऐकली असेल. पण आम्हांस त्यांची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. १९७३ च्या दोनशें वर्षें आधीं, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढें रघुनाथरावांनीं प्रायश्चित्त विचारलें असतां शास्त्रीबुवांनीं देहान्त हेंच प्रायश्चित्त सांगितलें आणि पुणें सोडून ते वाईजवळच्या खेड्यांत जाऊन राहिले. सत्ताधीशास त्याच्या तोंडावर असें सांगण्याचें धैर्य कोठून आलें? विद्येपासून आलें हें खरें, पण विद्वान् त्या दरबारांत इतरहि पुष्कळ होते. ज्याला उद्यांच्या शिध्याची चिंता नाहीं त्याला नोकरी जाण्याचें भय घालतां येत नाहीं. संतोषाचें खरें फळ मनाची शांति एवढेंच नव्हे. संतोष माणसास स्वतंत्र करतो.

आजच्या तरुण गृहस्थास आम्ही हीच बाजू विशेष सांगूं इच्छितों. घराचा हप्ता, मोटारीचा हप्ता, मोबाइलचा हप्ता, सहलीचाहि हप्ता अशा अनेक हप्त्यांनीं ज्याचा पुढील वीस वर्षांचा पगार आधींच बांधला गेला आहे, तो कचेरींत अयोग्य गोष्ट घडतांना पाहून तोंड कसें उघडणार? पूर्वीं उसने घ्यावयाचे तर कोणाच्या तरी दारीं जावें लागे. त्या संकोचानें अर्धें कर्ज टळत असे. आतां क्रेडिट कार्डानें तो संकोच नाहींसा केला, आणि २०१६ पासून आलेल्या यूपीआयनें नोटा मोजून देतांना हाताला जें कळे तेंहि कळेनासें झालें. सोय मोठी झाली हें निर्विवाद. भाजीवाल्यापासून दवाखान्यापर्यंत सर्वांस तिचा लाभ आहे. परंतु जी सोय खर्चाची जाणीव पुसून टाकते तिच्याशीं जपून वागावें. रिझर्व्ह बँकेच्या आंकडेवारीप्रमाणें २०२०-२१ सालीं भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ११ टक्क्यांहून अधिक होती. २०२२-२३ सालीं ती ५ टक्क्यांच्या आसपास आली. पहिलें वर्ष महामारीचें, खर्चास वाव नव्हता. आणि वाढलेल्या कर्जांत घरांसाठीं घेतलेलें कर्जहि आहे, ती सारी उधळपट्टी नव्हे. तरी अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण जुनी झाली, आणि अंथरूणच हप्त्यानें घ्यावें ही नवी रीत आली, हें या आंकड्यांवरून दिसतें.

दुसऱ्या टोंकासहि एक खड्डा आहे, तो दाखविल्यावांचून हें विवेचन पुरें होणार नाहीं. संतोष म्हणजे कृपणता नव्हे. भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवंतीच्या एका धनाढ्य ब्राह्मणाची कथा आहे. त्यानें ना स्वतः खाल्लें, ना घरच्यांस दिलें, ना अतिथीस घातलें. पुढें त्याचें धन कांहीं आप्तांनीं, कांहीं चोरांनीं, कांहीं काळानें नेलें; मग त्यास विरक्ति आली आणि भिक्षु होऊन तो शांतीस पोंचला. याच स्कंधावर नाथांनीं केलेली टीका काशींत शके १४९५ मध्यें पूर्ण झाली. आपल्या घरांतून ती आजहि वाचली जाते. बाहेरून पाहिलें तर कृपण आणि संतुष्ट या दोघांचें ताट सारखेंच साधें दिसेल. भेद असा कीं, संतुष्टाजवळ जें उरतें तें वाहतें, कृपणाजवळ तें सांचतें. आपली आई-बाप, बायका-मुलें यांना उणें ठेवून बँकेंतील आंकडा फुगविणारा अपरिग्रही नव्हे. तो आंकड्यांचा परिग्रही होय.

मग घरांत काय करावें? आपल्या पूर्वजांनीं तृष्णेवर व्याख्यानें कमी दिलीं आणि सवयी अधिक लाविल्या. जेवणापूर्वीं ताटाभोंवतीं चित्राहुति घालावयाच्या, गोग्रास काढावयाचा, अतिथीस आधीं वाढावयाचें आणि मग आपण बसावयाचें. यांचा अर्थ एकच कीं, ताटांतील पहिला घांस आपला नव्हे. जी गोष्ट अन्नाची तीच इतर वस्तूंची करतां येईल. नवें वस्त्र आलें कीं एक चांगलें वस्त्र बाहेर जावें. विटलेलें नव्हे, चांगलें. नवी वस्तु घेण्याचा विचार आला कीं पुढील एकादशीपर्यंत थांबावें. पंधरा दिवसांनींहि तिची आठवण राहिली तर ती बहुधा खरी गरज असते, आणि विसर पडला तर पैसे वांचले. मोठी खरेदी असेल तर घरांतल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसास तिच्याविषयीं मत विचारावें. बहुधा त्याच माणसाची गरज सर्वांत जास्त दिवस थांबलेली असते.

आणि चातुर्मासाचा नियम तर हातींच आहे. आषाढ शुद्ध नवमीस आपण कांदेनवमी म्हणून कांद्याचे पदार्थ हौसेनें खातों आणि मग चार महिने कांदा वर्ज्य करतों. निदान तसें म्हणतों. त्यांतील मर्म कांद्यांत नाहीं. आवडती वस्तु आपण होऊन, कोणाच्या सांगण्यावांचून, ठरलेल्या मुदतीपर्यंत बाजूस ठेवतां येते, एवढें मनास कळावें म्हणून ती योजना आहे. आमची सूचना अशी कीं, येत्या चातुर्मासांत कुटुंबांतील सर्वांत वडील माणसानें प्रथम आपल्या एका आवडत्या वस्तूचा नियम धरावा, आणि तो कोणास सांगूं नये. धाकट्यांस उपदेशाचा एक शब्दहि न बोलतां चार महिने जाऊं द्यावे. वडिलांच्या ताटांत काय कमी झालें हें मुलांच्या डोळ्यांस बरोबर दिसतें, आणि त्यांच्या बोलण्यांत काय वाढलें तेंहि दिसतें. यांपैकीं मुलें कशाचें अनुकरण करतात, हें सुज्ञांस सांगणें न लगे.